पारोळ्यापर्यंतचा श्वास

सकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी माय ओट्यावर उभी राहायची. पदर कमरेला खोचायची, छातीभर श्वास घ्यायची आणि कंडक्टरसारखी हाक द्यायची, “बांभोरीवाले चला, पाळधीवाले चला, एरंडोलवाले चला, पारोळावाले चला, मुकटीवाले चला, फागणेवाले चला, धुळेवाले चला!” सगळं एका श्वासात. श्वास जिथे संपेल तिथे गाडी थांबली असं समजायचं.

समोरच्या भागाबाई मिश्री लावत बसलेल्या असायच्या. त्या तोंडातली थुंकी सांभाळत विचारायच्या, “झुंबरबाई, तुन्ही गाडी आज कोठे पंक्चर व्हयनी वं?”

“पारोळा वलांडी गई,” माय म्हणायची. पारोळा तिचं माहेर. ते ओलांडलं की तिचा चेहरा खुलायचा.

आमच्या जळगावच्या गल्लीतली पोरं हसायची. मी आत पुस्तकात डोकं घालून बसायचे. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, कवितेतल्या लयीवर टिपणं काढत होते, आणि ओट्यावरून येणारी ती लय मला नको असायची.

माझे वडील, सुकदेव, एस.टी.त कंडक्टर होते. जळगाव-धुळे गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. मी सातवीत असताना ते वारले. त्यानंतर माय डाळ मिलमध्ये तुरीची डाळ निवडायला जाऊ लागली. घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा पिवळा भुसा असायचा. चार-पाच वर्षांत तिची छाती वाजायला लागली. पहिल्यांदा आम्ही त्याला सर्दी म्हटलं, मग थंडी बाधली म्हटलं. दमा हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. लग्नाची मुलगी असलेल्या घरात तो शब्द परवडत नव्हता.

शेवटी ब्याण्णवच्या हिवाळ्यात मी तिला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर कनीज बसायच्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी विचारलं, “अक्का, त्रास कधी जास्त होतो?”

“पहाटे होतो,” मी म्हटलं. “आणि गार पाण्याने.”

“कामाला जाता?”

“जाते, पण हलकं काम आहे,” हेही मीच सांगितलं. डाळ मिल हा शब्द मी गिळला. माझ्या वर्गातली एक मुलगी बाहेर बाकावर बसली होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही जरा थांबा. मी त्यांना विचारतेय.”

माझे कान तापले. मायने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि सगळं सांगून टाकलं. मिल, भुसा, गेल्या महिन्यात दोनदा घरी पाठवलं ते, कुणाच्या सांगण्यावरून खाल्लेल्या काळ्या गोळ्या. बावीस वर्षं तिच्यासोबत राहून यातलं अर्धं मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी दोन पंप टेबलावर ठेवले. तपकिरी रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. निळा दम लागला की घ्यायचा. माय लगेच म्हणाली, “पंपनी सवय लागस म्हने. मंग सुटत नही.”

“जेवणाची सवय लागते का, अक्का?”

“ती त लागेल शे!” माय हसली.

“मिल सोडता येईल?”

“नही.”

मला वाटलं, आता डॉक्टर रागावतील. त्या म्हणाल्या, “बरं. मग काय जमेल, ते सांगा.”

मायने विचार केला. दाराशी बसून डाळ निवडता येईल. ओला रुमाल नाकाला बांधता येईल. पण पंप मिलमध्ये ओढणार नाही, बायका पाहतात. घरी, सकाळ-संध्याकाळ, तोंड धुतलं की. डॉक्टर ऐकत होत्या आणि चक्क लिहून घेत होत्या. तपकिरी पंप घरी, दोन वेळा. निळा पिशवीत, मिलच्या मोरीत जाऊन घेतला तरी चालेल. एवढ्यावर दोघींचं जमलं.

मग डॉक्टर म्हणाल्या, रोज सकाळी एका श्वासात आकडे मोजा, किती होतात ते लक्षात ठेवा. माय ओशाळली. विसाच्या पुढे तिचे आकडे घसरायचे. “माले गावं येतस,” ती म्हणाली. “इन्हा बापन्या गाडीनी गावं. दमखम पाह्याले ती चालतीन का?”

डॉक्टर कनीज खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी तिला तिथेच दोनदा म्हणायला लावलं. मग दोघींनी मिळून ठरवलं. पारोळा ओलांडला तर नेहमीसारखं काम. एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये गाडी थांबली तर निळा पंप, आणि त्या दिवशी मिल नाही. एरंडोलसुद्धा आलं नाही तर निळा पंप ओढून सरळ दवाखान्यात. “आणि मोठ्याने म्हणायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “ऐकायला घरातलं कुणीतरी पाहिजे.” हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढची दोन वर्षं मायची गाडी नीट धावली. थंडीत एरंडोलला थांबायची तेव्हा ती स्वतःच पंप घ्यायची, मिलमध्ये निरोप धाडायची. रात्री आडवी होऊन झोपायला लागली. पाठीशी लागायच्या त्या तीन उशांची एकच उरली. हे मी तेव्हा पाहिलं, पण मोजलं नाही.

चौऱ्याण्णवच्या फाल्गुनात भागाबाईंनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा धुळ्याला मास्तर. त्याची मावशी आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहायची. बघायला यायची तारीख ठरली त्या दिवशी मी मायला म्हटलं, “माय, आता काही दिवस ओट्यावर उभं राहून ओरडू नकोस.”

“मंग कसं म्हनू?”

“मनात म्हण.”

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आत, मोरीजवळ उभी राहून डोळे मिटायची. ओठसुद्धा हलायचे नाहीत. मी कपबश्या विसळता विसळता विचारायचे, “कुठपर्यंत?”

“धुये उनं,” ती सांगायची. जरा आश्चर्यानेच.

रोज धुळं यायला लागलं. आठ दिवस रोज. मनात म्हटलेल्या गावांना श्वास लागत नाही, हे तिला कळलं नाही. मला कळायला हवं होतं. छंद, मात्रा, यती यांचे पेपर मी लिहीत होते. एक ओळ मनात वाचणं आणि मोठ्याने म्हणणं यातला फरक मला शिकवलेला होता. शिवाय नळावरून पाणी आणताना ती दोनदा थांबते, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. पण गाडी धुळ्याला पोचत होती आणि मला ते सोयीचं होतं. दोन्ही पंपही मीच पिठाच्या डब्यामागे ठेवले होते, पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. त्या गडबडीत तपकिरी पंप किती दिवस घेतला गेला नाही, हे तिलाही सांगता आलं नाही.

पाहुणे आले. माय आत पोह्यांना मिरचीची फोडणी देत होती. ठसका उठला आणि थांबला नाही. पडद्यामागून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ओढलेला, बारीक. मुलाच्या आईने मान वळवली. “कशाचा आवाज येतोय?”

“स्टोव्हला हवा मारतेय ती,” मी म्हटलं. आणि बशीत पोहे वाढत राहिले.

तीन बश्या वाढल्या. मला आजही तीनच आठवतात. चौथी भरताना आत भांडं पडलं. मी गेले तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ जांभळट. तिची नजर पिठाच्या डब्याकडे होती. एवढ्या वेळात तिने मला हाक मारली नव्हती.

मी निळा पंप तिच्या तोंडाशी धरला. भागाबाईंनी रिक्षा आणली. पाहुण्यांमधून, सगळ्यांच्या समोरून, आम्ही तिला उचलून नेलं.

दवाखान्यात मशीन लावलं, सुया दिल्या. तासाभराने तिच्या छातीतली शिट्टी कमी झाली. डॉक्टर कनीजनी विचारलं, “अक्का, सकाळी गाडी कुठपर्यंत गेली होती?”

मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले.

माय दम घेत घेत म्हणाली, “धुये. मन्हीच चूक शे बाई. मी मनमा म्हनत व्हतू. मालेच लाज वाटे.”

लाज माझी होती. तिने ती स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी घेऊ दिली.  डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “मग आता काय करूया?”

“भाईर उभी ऱ्हाईसन म्हनसू,” माय म्हणाली.

धुळ्याहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. मायने तो स्वतःवर घेतला. बरेच दिवस ती माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवायची, जणू तिनेच काही केलं होतं. मी तिला एकदाही म्हटलं नाही की पंप मी लपवले होते, गावं मी बंद केली होती. म्हणेन, म्हणेन, असं चार वर्षं चाललं. ती मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून ओट्यावर उभी राहून हाका देत होती. आता मी दारात उभी राहून ऐकायचे. तेवढंच मला जमलं.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये मला धुळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. माय मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत तिला एकदाही थांबावं लागलं नाही. सामान वर टाकून मी खिडकीशी बसले. आज सांगावं, असं मनात होतं. मी म्हटलं, “माय, त्या दिवशी पोहे वाढताना…” तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.

त्याच महिन्याच्या अखेरीला ती झोपेत गेली. छाती वाजली नव्हती, भागाबाई सांगत होत्या. उशी एकच होती.

त्या दिवशी स्टँडवर घंटी वाजल्यावर ती गाडीबरोबर चार पावलं चालली होती. खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाली होती, “एरंडोल उनं का खिडकी लाय ले, तठे धूय भलती उडस.”