चौथ्या सोमवारचं पान

पाणी आठवड्यातून एकदा येतं तेव्हा घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवावं लागतं. किस्स्यांचं तसं नाही. ते आपोआप साठतात, झाकण न लावताही टिकतात. एकटीच्या घरात तर जरा जास्तच साठतात!

आधी माझा नेम सांगते, नाहीतर गंमत कळायची नाही. श्रावणी सोमवारचा उपवास दिवेलागणीला सोडायचा; पण त्याआधी एक तरी परका माणूस आपल्या हातचं जेवला पाहिजे. सासूबाईंचा हा नेम, त्या गेल्यावर माझ्याकडे आला. घरचं माणूस चालत नाही, शेजारीही चालत नाही. "शेजारी म्हणजे घरचाच की गं," त्या म्हणायच्या. परकं कुणी जेवलं नाही, तर कपभर दूध पिऊन झोपायचं.

त्यांच्या काळात परक्यांची काय कमी! कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो, गावाकडचं माणूस आमच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरी उतरणार, आणि सोबत आणखी कुणाला घेऊन येणार. एका सोमवारी अकरा परके निघाले! सासूबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "पुढच्या दहा सोमवारांचं आजच उरकलं बघ!"

आता हे जाऊन तीन वर्षं झाली. लेक मंजू बंगळुरूला. ती म्हणते, "आई, कशाला रांधत बसतेस? मोबाइलवरून मागव ना!"

मी म्हटलं, "जेवण येतं गं मोबाइलवरून. जेवणारा येत नाही."

*

यंदा श्रावण आला, पाऊस आलाच नाही. पहिल्या सोमवारी गल्लीत टँकर आला. माझ्या टाकीत पाइप सोडून ड्रायव्हर भिंतीच्या सावलीत टेकला होता.

"दादा, जेवता का?"

"टाकी भरंपर्यंत जेवतो की मावशी!"

काय जेवला तो माणूस! वरणभात, दोडक्याची भाजी, वर दोन वाट्या खीर. मी वाढतेय, तो नको म्हणत नाही. किती दिवसांनी माझ्या पळीला काम लागलं होतं. आम्ही दोघंही पाइप विसरलो.

बाहेरून शेजारच्या सुलभाताईंचा आवाज आला, "अहो बाई! तुमचं पुण्य नालीत चाललंय!"

तेव्हापासून टँकर आला की सुलभाताई स्वतः ड्रायव्हरजवळ पहारा देतात.

*

दुसऱ्या सोमवारी देवगाव रंगारीहून पुतण्या आला, दत्ता. तो घरचा, तो काही उपयोगाचा नाही. पण सोबत त्याचा मित्र होता. मी मनात म्हटलं, पावला महादेव! आणि पान मांडलं.

"नको काकू, दोघं बी लई जेवून आलो," दत्ता म्हणाला. "पडेगावच्या पुढं नवं हॉटेल झालंय. एकदम गावरान! बाजंवर बसून पिठलं-भाकरी."

"अरे, तुम्ही गावाहून शहरात आलात ते गावाकडचं जेवायला?"

"तसं नाय काकू. गावाकडं विहिरीत थेंब नाय. तिथं शोची विहीर हाय, मोटर लावून पाणी फिरवत्यात!"

मग त्यानं फोटो दाखवले. भिंतीवर टांगलेला नांगर, त्याच्या खाली हसणारा दत्ता. मी फोटो बोटांनी मोठा केला. मुठीजवळ कोरलेला ॐ. माझ्या सासऱ्यांनी कोरलेला.

"दत्ता, हा तर आपलाच नांगर!"

"व्हय काकू. आबांनी जुन्या बाजारवाल्याला दिलता." आबा म्हणजे त्याचे वडील, माझे दीर. दत्तानं मोबाइल खिशात ठेवला. "मी जवळ जाऊन बघत होतो, तर हॉटेलवाला म्हणला, हात नका लावू, डेकोरेशन हाय."

त्या दिवशीचं पान गाईला गेलं.

*

तिसऱ्या सोमवारी तर महादेवानं फौजच पाठवली! शहराचं नाव बाहेर व्हावं म्हणून कुणी फिल्म काढत होते. लेणी झाली, शहराचे जुने दरवाजे झाले, नवी हॉटेलं झाली. आता त्यांना माझ्या घरात पाहुणचार दाखवायचा होता. मी पहाटे उठून पुरण घातलं.

एवढ्या मोठ्या घरात मी एकटी कशी दिसणार? म्हणून त्यांनी मुलगा, सून आणि दोन पाहुणे भाड्यानं आणले होते. पोळी चमकावी म्हणून तिला ब्रशनं तेल लावलं. वाफ दिसावी म्हणून वाटीमागं उदबत्ती लावली. पाहुण्यानं घास तोंडाशी नेला, "कट!" आणि घास ताटात. पुन्हा नेला, "कट!" पुन्हा ताटात. असं सात वेळा!

मी म्हटलं, "आता जेवून घ्या सगळे."

"काकू, आमचं हॉटेलात बुकिंग आहे."

मी सुलभाताईंना विचारलं, "घास तोंडाशी गेला होता. नेमात बसेल का हो?"

"मुखाशी गेला, मुखात नाही," ताई म्हणाल्या. "दूध तापवा."

चार दिवसांत फिल्म मोबाइलवर आली. मंजूचा फोन आला, "आई, किती सुंदर दिसतंय गं आपलं शहर! आणि आपलं घर किती भरलेलं!"

"हो ना," मी म्हटलं.

*

चौथा सोमवार, श्रावणातला शेवटचा. दुपार गेली, उन्हं उतरली, दारात कुणी नाही. आमच्या कोपऱ्यावर त्याच दिवशी एक नवं हॉटेल उघडलं होतं. फुगे, रोषणाई, दारात रांगोळी. गच्चीवरून बघितलं तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि मालक गल्ल्यावर एकटा.

मी ताट वाढलं, वर रुमाल टाकला आणि निघाले.

दारातच पाटी: 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे.'

मालक लगबगीनं उठला. "या मावशी, या! काय घेणार?"

"घ्यायला नाही, द्यायला आले भाऊ." मी नेम सांगितला. "तुम्ही दोन घास खाल्ले की मला उपवास सोडता येईल."

त्याचा चेहरा पडला. "लई अवघड केलं मावशी. माझ्या आईचं सांगणं हाय. पहिलं गिऱ्हाईक जेवल्याबिगर मालकानं खायचं नाय. मी पण सकाळधरनं उपाशीच."

माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. म्हणजे तो जेवेपर्यंत मी जेवायची नाही, आणि मी जेवेपर्यंत तो! दोघं एकमेकांकडे बघत बसलो. त्यानं आत जाऊन माझ्यासाठी ताट आणलं. माझं ताट त्याच्यासमोर, त्याचं माझ्यासमोर. बाहेर दिवे लागले.

मग तो उठला, दारातली पाटी भिंतीकडे फिरवून आला आणि म्हणाला, "मावशी, एकदमच उचलू. मी तीन म्हणतो."

"म्हणा."

"एक... दोन..."

तेवढ्यात दारातून कुणीतरी आत डोकावलं. "जागा आहे का हो?"

घास हातात धरून आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "या!"