त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी नव्हते

मी फार्मा कंपनीत कॉम्प्युटर मॉडेलिंग करते. ज्या गोष्टीला डेटा नाही ती माझ्या लेखी नसतेच, भुतंखेतं तर लांबच... त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

आमचं ऑफिस विक्रोळीला, एका जुन्या कारखान्याच्या आवारात. काम सोप्या शब्दांत सांगायचं तर, पेशींच्या आवरणात ट्रान्सपोर्टर नावाची प्रथिनं असतात, दारावरच्या वॉचमनसारखी. कुठलं औषध आत सोडायचं, कुठलं बाहेर काढायचं, हे ती बघतात. त्यावरून औषध शरीरात किती टिकेल याचं गणित आम्ही मांडतो.

गेल्या वर्षी एका औषधाने माझा जीव खाल्ला होता. दुसऱ्या एका गोळीबरोबर दिलं की ते रक्तात साचून राहायचं, आणि माझं मॉडेल काही ते दाखवेना. लिव्हरचे ट्रान्सपोर्टर उलटेपालटे करून मी थकले. तेवढ्यात टीममध्ये मृणाल आली. माझ्याहून बरीच लहान, चटपटीत. आमचे बॉस देसाई सर माझ्यासमोरच तिला म्हणाले, "तू पण बघ जरा."

ते 'पण' मला जाम लागलं.

त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी रजा घेऊन दिवसभर मुलुंडच्या हॉस्पिटलात तिच्याजवळ बसले होते. फोन पर्समध्ये, बंद.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले तर मृणालच्या टेबलाभोवती ही गर्दी! मॉडेलची रेषा पेशंटच्या आकड्यांवर बरोब्बर बसली होती. भानगड लिव्हरमध्ये नव्हतीच, किडनीत होती. औषध लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या ट्रान्सपोर्टरलाच ती दुसरी गोळी अडवत होती. माझा नुसता जळफळाट झाला. इतके महिने मी घासतेय, आणि ही काल आलेली...

"कसं सुचलं गं?" शक्य तेवढ्या गोड आवाजात मी विचारलं.

"मस्करी करतेस काय? काल लंचला कॅन्टीनमध्ये तूच तर सांगितलंस ना!"

"काल मी रजेवर होते."

"हो, पण आली होतीस ना थोडा वेळ. म्हणालीस, लिव्हर सोड, किडनी बघ. मी म्हटलं चहा तरी घे, तर म्हणालीस, नको गं, आई वाट बघतेय."

ही माझी खेचतेय, असंच मला वाटलं. तणतणत सरांकडे गेले. तर ते म्हणाले, "अगं, मीही पाहिलं तुला. हाक मारली, तू हात केलास."

संध्याकाळी आईला विचारलं, "काल दुपारी मी तुझ्याजवळच होते ना?"

"होतीस की," आई म्हणाली. "हात धरून बसली होतीस माझा. सोडेचनास."

मीटिंगमध्ये मृणालने सगळं श्रेय मला दिलं. लोकांना तो तिचा मोठेपणा वाटला आणि पुढचं प्रोजेक्ट तिच्याच हातात गेलं. किडनीचं ते उत्तर मला खरंच माहीत नव्हतं. मग ते सांगून गेली ती कोण, याचा पत्ता मला आजही नाही.

आता कुठे अडलं की मृणाल खुर्ची ओढून माझ्याजवळ बसते. "सांग ना गं, काय करू?" मी स्क्रीनकडे बघत राहते, काहीच सुचत नाही... आणि मृणालवर नाही, त्या दुसरीवर जळत बसते.