तहकूब सभेतले भाऊ

तुमच्या गावची ग्रामसभा तहकूब होते, तेव्हा तुम्ही कुठे जाता? घरी, शेतावर, की टपरीवर चहाला?

आमच्या गावचे भाऊ कुठेच जायचे नाहीत. सभा तहकूब झाली की उजवा तळवा गुडघ्यावर दाबून धरायचे, जणू गुडघाच पळून जाणार आहे, आणि म्हणायचे, "उठायचं न्हाई, राव."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळंबच्या पलीकडे आमचं गाव. सरपंचपद एकाच घरात मुरलेलं. त्या घराची युक्ती सोपी होती. शेजारच्या गावात बैलगाड्यांची शर्यत असेल, नेमकी त्याच दिवशी ग्रामसभा लावायची. गाव शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाड्यांच्या धावपट्टीवर, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब. आलेली माणसंही निघून गेली की अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. घरचीच माणसं हात वर करणार, ठराव मंजूर.

ही चलाखी आम्हाला भाऊंनी उलगडून सांगितली. मी तेव्हा मंचरला कॉलेजात होतो. आमच्या बौद्धवस्तीत, आमच्याच ओट्यावर बसून ते पत्रकं सांगायचे, मी लिहायचो. मी 'जुलमी राजवट' लिहिलं की हसायचे. "आरं, आपल्याला सरपंच पाडायचाय, इंग्रज न्हाई." एक ओळ मात्र त्यांनीच ठासून लिहायला लावली : गायरानाची जमीन वस्तीच्या घरांसाठी. वस्तीत तेव्हा एकेका खोलीत दोन-दोन संसार होते. आईने ते पत्रक दाराला आतून चिकटवलं.

भाऊ निवडून आले, सरपंच झाले. पहिल्या सभेत माईक घेऊन थेट शेवटच्या रांगेत आले आणि आईसमोर धरला. "बोला, वहिनी. ह्यो तुमचा हाय."

आई लाजून एवढंच म्हणाली, "चालू हाय का बंद?"

सभा हसली. सगळ्यांत मोठ्याने भाऊ.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर माईक टेबलावरच राहू लागला. प्रश्न विचारला की भाऊ उलट विचारायचे, "तुला माझ्यावर भरवसा न्हाई का?" सदस्य बैठकीआधी त्यांच्या घरी चहाला जायचे आणि एकमत करूनच बाहेर पडायचे.

मग ग्रामसभेत गायरानाचा विषय आला. दिवस शर्यतीचा. तरी आम्ही निर्धास्त, कारण खुर्चीत भाऊ होते. वस्ती सगळी आली, पण गणपूर्ती झाली नाही. भाऊंनी सभा तहकूब केली. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे आम्ही बसून राहिलो.

तेव्हा ते स्वतः चालत शेवटच्या रांगेत आले. "उठा, वहिनी. मी हाय न्हवं? पुढच्या आठवड्यात बघू." मला म्हणाले, "जा की घाटात, गाड्यांच्या लई भारी बाऱ्या चालल्यात."

आम्ही उठलो.

अर्ध्या तासाने सभा भरली. गायरान भाऊंच्या भाच्याच्या पोल्ट्रीला द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

ग्रामसेवक म्हणाले, "नियमात बसतं." तालुक्याचे साहेब आमचा अर्ज वाचून म्हणाले, "नियमात आहे." माझ्याबरोबर भिंतींवर पत्रकं चिकटवणारा उपसरपंच म्हणाला, "भाऊंनी केलंय म्हंजी इचार करूनच केलं आसल." एकाही नियमाला ओरखडा न पडता आमची घरं गेली.

दारावरचं पत्रक मी फाडायला गेलो. आईने हात धरला. "राहू दे. रोज दिसलं पायजे."

पुढे भाचाच सरपंच झाला. पुन्हा शर्यतीचा दिवस, पुन्हा तहकूब. माणसं उठली. मी दारातून मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत भाऊ एकटे, थकलेले, तळवा गुडघ्यावर.

"मामा, चला, चहा झालाय," भाचा म्हणाला.

"उठायचं न्हाई." भाऊंनी तळवा आणखी दाबला.

मी परत आत गेलो. शेजारी बसलो नाही, मधे एक खुर्ची सोडली. अर्ध्या तासाने ठरावाच्या विरोधात दोन हात वर झाले. ठराव मंजूरच झाला. भाऊ माझ्याकडे न बघता काठी शोधत राहिले. ती मी त्यांच्या हातात दिली.

आता भाऊ नाहीत. शेवटची रांग मोकळीच असते. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला जा आणि त्या रांगेत बसा. सभा तहकूब झाली तरी बसून राहा. आणि खुर्चीतला तुमचा लाडका माणूस स्वतः चालत येऊन, गोड बोलून "उठा" म्हणाला, तर मुळीच उठू नका.