जमीन हलली म्हणून

कोयनानगरात वाढलेल्या माणसाला एक सवय असते. मांडणीवरची भांडी वाजली की तो कुणाला विचारत बसत नाही, आधी बाहेर पडतो. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठायची आणि अंगणात पोचल्यावर म्हणायची, “हलली की रं!” नववीत शाळा सोडून साताऱ्याच्या एमआयडीसीत आलो, तेव्हा गावाकडची ही सवय सोबत आली.

कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस होत्या. मी कंत्राटी कामगार. शेजारच्या प्रेसवरचे मामा शिराळ्याकडचे. नात्याचे कुणी नव्हेत, पण काम त्यांनीच शिकवलं, पहिला महिनाभर स्वतःच्या डब्यातलं अर्धं दिलं. माझ्या हाताची बोटं शाबूत आहेत ती त्यांच्यामुळे.

त्या दिवसांत मामा कंत्राटी लोकांना कायम करा म्हणून युनियन उभी करत होते. कॅन्टीनमध्ये कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं. गेटवर अनोळखी सिक्युरिटीवाले आले होते, समोर पोलिसांची गाडी उभी असायची.

एका दुपारी जेवणानंतर मी प्रेस सुरू करणार, इतक्यात टेबलावर रचलेले पत्र्याचे तुकडे किणकिणले. मी लाईन बंद करायचं लाल बटण दाबलं आणि “बाहेर पळा!” म्हणत धावत सुटलो. सगळे मागोमाग आले. त्यांना वाटलं, संपाची हाक आली. आवारात कुणीतरी घोषणाही दिली.

मामांनी माझा दंड धरला. “कुणी सांगितलं रं तुला?”

“आवं मामा, जमीन हलली.”

“प्रेसजवळ जमीन रोजच हलती की, गड्या!”

लोक हसले. आमच्या मागं शटर खाली आलं आणि हसू थांबलं. संध्याकाळी गेटवर नोटीस लागली: बेकायदा काम बंद, कारखान्याला टाळं.

खोलीवर जाऊन आईला फोन लावला. “आज दुपारी हलली का गं?”

“न्हाई रं. हितं काय बी न्हाई. का?”

मी फोन ठेवला. मग ते तुकडे कशानं वाजले?

दुसऱ्या दिवशी एकट्या मला आत बोलावलं. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “मामांनी बटण दाबायला लावलं, एवढं लिहून दे. उद्यापासून तू कायम. नाहीतर शिक्षण नाही, ओळख नाही, कुठं जाशील?”

खरंच कुठं जाणार होतो? चहाला हात लावला नाही. “साहेब, जमीन हलली म्हणून दाबलं.”

“नक्की हलली?”

“मला तसं वाटलं.”

त्यांनी माझा गेटपास काढून घेतला.

रस्त्यापलीकडे कामगारांच्या घोळक्यात मामा उभे होते. “काय सांगितलंस?”

“हलली म्हणून.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात गार होता. “आता दुसऱ्याला बोलवतील,” म्हणाले.

गेटमधून एक हाक आली. आमच्याच लाईनवरचा एकजण घोळक्यातून निघाला आणि मामांकडं न बघता आत गेला.

तो लवकर बाहेर आला नाही.