चौकातला फ्लेक्स

शेजारच्या बिल्डिंगमधली ईशा धावण्याच्या शर्यतीत ज्युनिअर गटात राज्यात पहिली आली, तेव्हा मंडळाच्या पोरांनी चौकात तिचा फ्लेक्स लावला. गळ्यात पदक, तोंडभर हसू आणि खाली ‘आमची सुवर्णकन्या’. वाढदिवसांचे फ्लेक्स येतात नि उतरतात. हा मात्र कुणी उतरवत नाही.

यंदा ती सीनिअर गटात गेली. तिथे वर्षानुवर्षं मुरलेल्या बायकांबरोबर धावावं लागतं. अजून एकदाही ती अंतिम फेरीत पोहोचलेली नाही. हल्ली सरावाला निघताना ती जिन्यातच चेहऱ्याला स्कार्फ बांधते, नुसते डोळे दिसतात. मैदानाचा रस्ता मात्र फ्लेक्सखालूनच जातो.

परवा वाऱ्याने फ्लेक्सचा एक कोपरा सुटला आणि तो चेहऱ्यावर दुमडला. ईशा स्कूटी थांबवून बघत होती. मी भाजी घेऊन येत होते. म्हटलं, “पोरांना सांगू का काढायला?”

“नको काकू, प्रेमानं लावलाय त्यांनी.” मग हळूच म्हणाली, “आपोआप पडला तर बरं होईल.”

हरलेल्याची लोक निदान समजूत तरी काढतात. जिंकलेल्या पोरीला आपण एका हसण्यात चिणून टाकतो आणि त्याला कौतुक म्हणतो.

संध्याकाळी पोरं शिडी घेऊन आली. नवी सुतळी लावून चारही कोपरे आवळले. ईशा मैदानावरून परतत होती. वरून एकजण ओरडला, “ईशाताई, आता वर्षभर हलत नाही बघ!”

तिने स्कार्फ खाली ओढला आणि अगदी फ्लेक्समधल्यासारखं हसून म्हणाली, “थँक्यू रे!”