बंदरातली सुवर्णा

माझा नवरा समाधान पंचवटीत फुलं विकायचा आणि रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक गजरा घेऊन यायचा. १९९९ साली त्यानं जुना कॉम्प्युटर आणला. त्यातला आरमाराचा खेळ पुढं दहा वर्षं सुटला नाही.

जहाजांना नावं तोच द्यायचा. 'सुवर्णा', म्हणजे मी, कायम बंदरात उभी. लढायला जायची ती 'भाग्यश्री'. ही कोण? माझ्याआधी येवल्याला हा जिच्या घरी कांदेपोहे खाऊन आला आणि जिनं नकार कळवला, ती!

"तू बुडालीस तर मला चालेल का?" म्हणे.

एकदा तो दुकानात असताना मीच त्या भवानीला एकटीला शत्रूच्या पाच जहाजांवर सोडलं. मेली पाचही बुडवून परत आली.

त्या संध्याकाळी माझा गजरा मॉनिटरवर होता.