दर्भाचा कावळा

सोळाव्या वर्षी माझं लग्न अडलं होतं ते एका राजामुळे. राजा पुस्तकातला. शापानं मुकी झालेल्या आपल्या राणीला काय हवंय, ते तो तिच्या बोटांच्या हालचालीवरून ओळखायचा. तिला तहान लागायच्या आत याच्या हातात तांब्या. वाड्यावरचा म्हातारा राक्षस पहारेकरीसुद्धा तिच्या भुवया वाचायला शिकला होता. दोघांवरही माझा फार जीव. तीस सालानंतरचे ते दिवस. हा राजा लिहिणाऱ्या लेखकाच्या जादूच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणून मी इतक्यांदा वाचल्या, की आलेली स्थळं मला बेचव वाटायची आणि मी नाक मुरडून ती घालवायची. वडील वैतागले होते.

वडील नाशिकचे तीर्थोपाध्याय. एके सकाळी यजमान म्हणून आले ते तेच लेखक. बायको गेल्याचा दहावा दिवस होता. मी पिंडांसाठी भात शिजवत होते. नाव ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपली राणीच गेली असं वाटलं. एरवी भाताचं पातेलं वडील स्वतः न्यायचे. त्या दिवशी मी हट्टानं त्यांच्याबरोबर रामकुंडावर गेले.

पिंड मांडला. कावळे भिंतीवर बसून होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. लेखक महाशय सावलीत बसले होते. मधूनच घसा खाकरून पायरीवरच थुंकत होते आणि धुणं धुणाऱ्या बायकांकडे निवांत पाहत होते. वडिलांनी नेहमीसारखं समजावलं, की तिची मागे राहिलेली इच्छा बोलून दाखवा, ती पुरी करतो म्हणा, म्हणजे कावळा शिवेल.

"तिला काय हवं होतं ते मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "दर्भाचा कावळा करा आणि उरका. गाडी चुकायची."

कावळा शिवलाच नाही, तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. वडिलांनी तो वळला, लावला. मला शिसारी आली. मुक्या राणीच्या करंगळीवर पानंच्या पानं लिहिणारा हा माणूस, आणि बोलत्याचालत्या बायकोची एक इच्छा याला सांगता येईना. खोटी का होईना, एखादं लुगडं, एखादी माहेरची फेरी, काहीही चाललं असतं. कल्पनेवर तर पोट होतं याचं.

घरी आल्यावर मी पातेलं घासायला बसले. थोड्या वेळानं वडील हसतमुखानं आत आले. घरी दोन लहान मुलं आहेत, घर उघडं पडलंय, आणि तुमची मुलगी धट्टीकट्टी दिसते, असं लेखक महाशय त्यांना म्हणाले होते. बाहेर टांग्यात त्यांचं सामान चढत होतं, जाण्यापूर्वी त्यांना लग्नाचा शब्द हवा होता.

"तुझा राजा चालून दारात आलाय," वडील म्हणाले.

कुंडावर मी पातेलं उचलताना त्या माणसाची नजर माझ्या दंडावर फिरली होती, ती मला तेव्हा आठवली. मी राखेनं दंड घासून काढला.

"बाबा, उद्या मी मेले तर मला काय हवं होतं ते त्यांना कोण सांगणार? की माझ्यासाठीही तुम्हीच दर्भाचा कावळा वळाल?"

वडिलांचं हसू मावळलं. दर्भानं त्यांच्या बोटावर सकाळी बारीक चीर पडली होती, तिच्याकडे ते पाहत राहिले. मग बाहेर जाऊन नाही म्हणून आले.